हुंड्यातली जीप

विठ्ठलवाडीत एके काळी अशी कुजबुज होती की जयदेव मिस्त्रीने हुंड्यात डिझेल जीप घेतली, पुढे लग्न मोडलं, पण जीप काही परत केली नाही. स्टेशनबाहेरच्या शंकरच्या टपरीवर ही बातमी कटिंगबरोबर फुकट मिळायची. लग्न का मोडलं याबद्दल मात्र एकमत नव्हतं. कोणी म्हणे मुलगी फार शिकली, कोणी म्हणे मुलीने मिस्त्रीची नखं बघितली. मुलगी कोणीच पाहिली नव्हती. जीप सगळ्यांनी पाहिली होती. पांढरी, दारावर निळा पट्टा, मागे मोठ्या अक्षरांत ‘जयभीम’. ती जयदेवच्या गॅरेजपुढे इतकी वेळा उभी असायची की तिला दुसरा मालक असेल असं कोणाच्या मनातही येत नसे.

मालक होता आणि त्याचं नाव हरिचंद्र. राहायला अंबरनाथ पश्चिमेला. दोन हजार चारच्या सुमारास कंपनीने स्वेच्छेने निवृत्त व्हा म्हणून इतका आग्रह केला की हा स्वेच्छेने निवृत्त झाला. दोन्ही मुलगे पुण्याला नोकरीला. आयुष्यभर दुसऱ्याच्या मशीनचं बटण दाबलं, आता स्वतःची चावी फिरवायची, अशी त्याला हौस. म्हणून त्याने ही जुनी जीप घेतली. वऱ्हाड न्यायचं, कोणाची म्हातारी दवाखान्यात पोचवायची, कोणाला मुरबाडला सोडायचं. हरिचंद्र माणूस सज्जन. सज्जन म्हणजे काय, तर मिस्त्री जे सांगेल ते मान हलवून ऐकणारा.

आणि सज्जनाच्या नशिबी असते तशी गाडी त्याला मिळाली. निघताना झकास निघायची. थोडं अंतर गेलं की खोकायची, मग उचकी द्यायची, मग रस्त्यात बसायची. जरा वेळ थांबलं की आपोआप बरी व्हायची. एकदा तर अख्खं वऱ्हाड बदलापूरच्या अलीकडे उतरलं, नवरामुलगा फेटा सावरत मागून ढकलत होता आणि बँडवाल्यांनी तेवढ्यात एक गाणं वाजवून घेतलं.

हरिचंद्रने मिस्त्री केले. उल्हासनगरच्या मिस्त्रीने सांगितलं, पंप गेलाय. पंप झाला. बदलापूरच्या मिस्त्रीने विचारलं, “पंपाला हात कोणी लावला?” आणि नोझल बदलले. तिसरा अंबरनाथ पूर्वेचा. त्याने इंजिन उघडलं, बंद केलं, आणि उरलेले नट-बोल्ट कागदाच्या पुडीत बांधून हरिचंद्रच्या हातात ठेवले.

“हे कुठले?” हरिचंद्रने विचारलं.

“एक्स्ट्रा आहेत, काका. कंपनीवाले उगाच टाकतात.”

हरिचंद्रने मान हलवली आणि पुडी जपून घरी आणली. जीप पहिल्यासारखीच रस्त्यात बसत राहिली. फरक एवढाच, की आता तिला वाजायलाही येऊ लागलं.

बायको पद्मजा. बोलायला धारदार, आणि हिशेब तोंडपाठ. तिने ती पुडी देव्हारा नसलेल्या त्या घरात बाबासाहेबांची जी तसबीर होती, तिच्या खालच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, “मे महिन्यात लग्नं सुरू होतील. त्याच्या आत ही चालली नाही ना, तर भंगारवाल्याला बोलावीन आणि त्याच्याच हातगाडीवर हिची वरात काढीन. तुम्ही मागून ढकला. सवय आहेच.”

आता पद्मजाने बोललेलं कधी मागे घेतल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. हरिचंद्र घाबरा होऊन उल्हासनगरला मुकेशच्या दुकानात गेला. मुकेश सिंधी, गाड्यांचे पार्ट विकायचा. त्याच्याकडे माल तीन प्रकारचा: ओरिजिनल, ओरिजिनलसारखा, आणि ओरिजिनलपेक्षा चांगला. तिन्ही एकाच खोक्यातून निघायचे.

“मुकेशभाई, एक इमानदार मिस्त्री सांगा,” हरिचंद्र म्हणाला.

“साईं, इमानदार मिस्त्री बताऊंगा तो मेरे पार्ट कौन लेगा?” मुकेश मनापासून दुखावला. मग हळूच म्हणाला, “एक है. विठ्ठलवाडी में, जयदेव. जुना पार्ट काढला की मालकाच्या हातात देतो. जो खराब नाही तो बदलतच नाही. पागल आहे. धंद्याला कलंक.”

दुधाने तीनदा पोळलेला माणूस ताकाची परीक्षा केल्याशिवाय पीत नाही. हरिचंद्रने ठरवलं, या मिस्त्रीची आधी चौकशी करायची. आणि चौकशी म्हटली की अंबरनाथ पश्चिमेत एकच नाव: विठाआत्या.

विठाआत्या ही पद्मजाची सख्खी आत्या. आपल्यात पत्रिका बघत नाहीत, ग्रहांवर भिस्त नाही. त्यामुळे सगळा भार शेजाऱ्यांवर येतो. विठाआत्याने चौकशी करून जमवलेली लग्नं कल्याण ते कर्जत नांदत होती आणि मोडलेली त्याहून सुखात होती. बँकेत आहे म्हणून सांगितलेला एक मुलगा बँकेखालच्या पानपट्टीवर तिनेच पकडला होता. चौकशीचे तिचे नियम पक्के. घरी विचारायचं नाही, टपरीवर विचारायचं. ज्याचं त्याच्याशी भांडण आहे त्याला आधी विचारायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, मेलं तरी मोडायचा नाही: चौकशी कशासाठी, ते सांगायचं नाही. सांगितलं की लोक गोड बोलतात.

इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवीत पानाचा डबा घेऊन आत्या विठ्ठलवाडीला उतरली आणि शंकरच्या टपरीवर टेकली.

“तो जयदेव मिस्त्री. माणूस कसा आहे रे?”

शंकरचं भगोणं हातातच राहिलं. “का हो मावशी?”

“असंच.”

“चांगला आहे.”

“पितो का?”

“चहा पितो. तोपण अर्धा.”

“घरी कोण कोण?”

“आई. गयाबाई. बस्स.”

“राग? हात उचलणं वगैरे?”

“पाना उचलतो, मावशी. तोपण नट बसला नाही तर. पण तुम्ही विचारताय कशासाठी?”

“असंच,” आत्या म्हणाली, पान तोंडात टाकलं आणि निघाली.

चाळिशीला टेकलेल्या, आईबरोबर एकट्या राहणाऱ्या माणसाची एक अनोळखी, टापटिपीची म्हातारी ‘असंच’ चौकशी करून जाते. शंकरला आणखी काय कळायचं बाकी होतं? त्याने गॅस बारीक केला आणि थेट गयाबाईच्या दारात गेला.

इकडे आत्या परत येऊन अहवाल देत होती. “मुलगा चांगला आहे.”

“मुलगा नाही, आत्या. मिस्त्री,” हरिचंद्र म्हणाला.

“तेच ते. निर्व्यसनी आहे, शांत आहे, आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. खुशाल द्या.”

“आणि इंजिनाचं काम कसं करतो?”

आत्याने कपाळावर हात मारला. “इंजिनाचं विचारलं असतं तर मी कशाला आलेय ते कळलं नसतं का त्यांना?”

हरिचंद्रने मान हलवली आणि जीप जयदेवकडे नेऊन लावली.

जयदेव खरोखरच कमी बोलायचा. गाडी ऐकली, बॉनेट उघडलं, हरिचंद्रने बरोबर आणलेली नट-बोल्टांची पुडी बघितली आणि म्हणाला, “यातले चार हेडचे आहेत. इंजिन खोलावं लागेल.” मग लोडशेडिंगच्या वेळा सांभाळत त्याने इंजिन खोललं. हेड एका बाजूला, झडपा दुसऱ्या बाजूला, पोटातलं सगळं वर्तमानपत्रावर मांडलेलं. हरिचंद्र रोज जाऊन स्टुलावर बसायचा. जुना पार्ट हातात मिळायचा, नवा का ते कळायचं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपली गाडी माणसाच्या हातात आहे.

अशा एका दुपारी गयाबाई डबा घेऊन गॅरेजात आली. बुटकी, ठसठशीत, डोक्यावरून पदर.

“जयभीम, भाऊ. आमचा जयदेव आवडला ना?”

“जयभीम. फारच,” हरिचंद्र मनापासून म्हणाला. “असा माणूस शोधून सापडत नाही.”

“त्या बाई चौकशी करून गेल्या आणि पाठोपाठ तुम्ही आलात, तेव्हाच ओळखलं मी, तुमच्याकडच्याच. मी म्हटलं, माणसं सरळ दिसतात. आधी गाडी पाठवली, मग स्वतः येऊन रोज बसतात. मुलाचं काम डोळ्यांनी बघतात. असा मुलीचा बाप मी बघितला नाही.”

हरिचंद्र स्टुलावरून अर्धा उठला. त्याने जयदेवकडे बघितलं. जयदेवचा हात कोपरापर्यंत इंजिनात होता आणि मान खाली. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नजर वर्तमानपत्रावरच्या झडपांवर गेली. पोट उघडं टाकून पेशंट टेबलावर असताना डॉक्टरच्या आईशी वाद घालू नये, एवढी अक्कल सज्जनालाही असते.

“घरी... घरी बोलतो,” तो म्हणाला.

“बोला की. रविवारी आम्हीच येतो. मुलगी बघू, चहा घेऊ. तोवर हा गाडी बांधतो. काय रे?”

“हं,” इंजिनातून आवाज आला.

घरी पद्मजाने सगळं ऐकून घेतलं.

“दोन मुलगे आहेत आपल्याला,” ती म्हणाली. “मुलगी कुठून आणायची? तुम्हीच बसा पदर घेऊन.”

“अगं, इंजिन उघडं आहे!”

“सरळ सांगून टाका.”

“सांगतो. गाडी बंद झाली की लगेच सांगतो. म्हणजे इंजिन बंद झालं की. म्हणजे गाडी चालू झाली की.”

“माझ्या तोंडून खोटं निघायचं नाही,” पद्मजाने बजावलं. “आधीच सांगते.”

रविवारी जयदेव बांधलेली जीप स्वतः चालवत, आईला पुढच्या सीटवर बसवून आला. आवाज असा की गल्लीतली माणसं दारात आली. पोहे झाले. चहा झाला. गयाबाईची नजर आतल्या खोलीच्या पडद्यावर. पडदा हलला की ती सावरून बसायची. पंख्याचा वारा होता तो.

“मुलगी दिसत नाही?” अखेर तिने विचारलं.

हरिचंद्रने घसा खाकरला. कबुली द्यायचीच, असं ठरवून त्याने ‘गयाबाई, त्याचं असं आहे’ इथपर्यंत मजल मारली होती.

“नागपूरला असते,” पद्मजा म्हणाली. “माझ्या भावाकडे. नर्सिंगला घातलीय. तेजल नाव. परीक्षा आली, नाहीतर आलीच असती.”

हरिचंद्रने बायकोकडे असं बघितलं की जणू कोणी परकी बाई आपल्या घरात पोहे वाटते आहे.

“फोटो?”

“फोटोची तिला लहानपणापासून चीड. बारशालासुद्धा तोंड फिरवलं होतं.”

“अगदी माझ्या बहिणीसारखी,” गयाबाई समाधानाने म्हणाली. “बरं, मुलगी नाही तर नाही. गाडीत एक चक्कर तरी मारू.”

चौघं निघाली. अंबरनाथ सुटलं, चिखलोलीची मोकळी जागा लागली, आणि जीप खोकली. उचकी दिली. बसली.

हरिचंद्रचं तोंड उतरलं. जयदेव खाली उतरला, बॉनेट उघडलं, बंद केलं. त्याच्या आयुष्यात ही पहिलीच गाडी असावी जिने त्याला आईसमोर खोटं पाडलं. तो मागे गेला, डिझेलच्या टाकीजवळ वाकला आणि थांबला.

“काका, हे काय?”

टाकीच्या झाकणावर दुधाच्या पिशव्यांचं प्लास्टिक, एकावर एक, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा रबर गच्च आवळलेला.

“त्यांनीच बांधलंय,” पद्मजा गाडीतून म्हणाली. “गाडी आणल्या आणल्या कोणीतरी डिझेल चोरलं. तेव्हापासून डिझेल भरलं की स्वतःच्या हातानं बांधतात. कोणाला हात लावू देत नाहीत.”

जयदेवने रबर कापला, झाकण सैल केलं. टाकीने असा मोठा उसासा टाकला की गयाबाईने दचकून ‘बरी आहे ना?’ म्हणून विचारलं.

“टाकीत हवाच जात नव्हती, काका,” जयदेव म्हणाला. “डिझेल कमी झालं की हवा आत यायला हवी. तुम्ही हिचं नाक दाबून धरलंत आणि पळ म्हणालात.”

पंप, नोझल, झडपा, तीन मिस्त्री आणि एक भावी विहीण, सगळं त्या दुधाच्या पिशवीपायी. हरिचंद्र मटकन रस्त्याच्या कडेला बसला. जयदेव त्याच्या शेजारी बसला. बायका गाडीत होत्या.

“जयदेव, एक सांगायचं होतं,” हरिचंद्र म्हणाला. “तेजल...”

“नाही आहे. माहीत आहे मला.”

“कसं?”

“सीटखालची, तुमच्या घरच्या सामानाची पेटी मी साफ केली. दोन जुन्या बॅटी, एक दाढीचा ब्रश, कबड्डीची मेडलं. हेअरपिन एकसुद्धा नाही. मुलगी असलेल्या घरातल्या गाडीत हेअरपिन सापडत नाही, असं होतच नाही.”

“मग बोलला नाहीस का?”

जयदेवने हात फडक्याला पुसले. “काका, आई गेली कित्येक वर्षं दर रविवारी मला कुठेतरी पोहे खायला नेते. मला लग्न नको आहे. तिला हे ऐकू येत नाही. आत्याबाई येऊन गेल्यापासून मात्र घरात शांतता आहे. एक जागा बोलणीत असली की आई दुसरी बघत नाही, नियम आहे तिचा. तेवढी चौकशी चालू ठेवा. गाडी मी बघतो.”

अशा रीतीने हरिचंद्रला भरवशाचा मिस्त्री मिळाला.

मे महिन्यात जीपने एकही वऱ्हाड रस्त्यात उतरवलं नाही. भंगारवाला एकदा दारावरून गेला, पद्मजाने त्याला डबे दिले. ऑइल बदलायचं असो की नुसतं काही वाजल्याचा भास असो, जीप विठ्ठलवाडीला जायची, आणि गयाबाई चहा घेऊन बाहेर यायची. “तेजल कशी आहे?”

तेजल मजेत होती. पहिल्या वर्षी ती पास झाली. दुसऱ्या वर्षी तिला कावीळ झाली आणि गयाबाईने उसाच्या रसाचा निरोप पाठवला. मग तिला नागपुरातच नोकरी लागली, रात्रपाळी, सुट्टी म्हणून नाही. गयाबाईने तिच्यासाठी पिवळी साडी दिली. ती पद्मजाला फार खुलून दिसायची. खोटं न बोलणाऱ्या पद्मजाने तेजलला हस्ताक्षर दिलं, स्वभाव दिला, भेंडीची नावड दिली. गयाबाईनेही रीतसर उलटी चौकशी केली होती. अंबरनाथला येऊन तिने चार घरी विचारलं, हरिचंद्रचं घर कसं आहे? सगळ्यांनी सांगितलं, सोन्यासारखं. त्यांना मुलगी आहे का, एवढंच विचारायचं राहिलं. ते विचारलं असतं तर चौकशी कशासाठी ते कळलं नसतं का?

एका डिसेंबरात जेवता जेवता हरिचंद्र थबकला. “नागपूरला थंडी फार पडते म्हणे.”

“मग?”

“नाही, पोरगी रात्रपाळीला जाते...”

पद्मजाने त्याच्याकडे बघितलं. तिने त्याला आणखी एक भाकरी वाढली.

आणि मग एक दिवस गयाबाई अंबरनाथला आली. पाणी घेतलं नाही.

“भाऊ, राग मानू नका. पण जी मुलगी चार वर्षांत एकदा सासूला तोंड दाखवत नाही, ती आमच्या घरात काय नांदणार? आमच्याकडून नकार समजा.”

ही सुटकेची वेळ होती. हरिचंद्रने हसून हात जोडायचे होते. पण त्याचे कान लाल झाले.

“नकार? माझ्या तेजलला? अहो, पोरगी रात्र रात्र पेशंटची सेवा करते! कावीळ अंगावर काढून पास झाली! तुमच्या ग्रीसच्या डब्यात कशाला टाकू मी तिला?”

“अहो,” पद्मजा म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस! पोरीच्या इज्जतीचा प्रश्न आहे!”

गयाबाई तणतणत गेली. हरिचंद्रने शपथ घेतली की पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढणार नाही. दुसऱ्याच दिवशी जीपच्या क्लचची तक्रार घेऊन तो बदलापूरच्या जुन्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने आनंदाने विचारलं, “पंपाला हात कोणी लावला?” आठवड्याने जीप घरी आली ती दुसऱ्या गाडीला टोचन लावून, आणि हरिचंद्रच्या हातात कागदाची पुडी होती.

पद्मजाने पुडी फळीवर, जुन्या पुडीच्या जागी ठेवली. “भंगारवाल्याला बोलावू?”

हरिचंद्रने पुडीकडे पाठ फिरवली.

“एक सांगा. ती पोरगी माझी. मीच घडवली. मला राग आला नाही, तुम्हाला कसला आला? उठा. विठ्ठलवाडीला फोन लावा.”

जयदेवने येऊन जीप ओढून नेली. पुन्हा वर्तमानपत्र अंथरलं, पुन्हा पार्ट मांडले. हरिचंद्र स्टुलावर खाली मान घालून बसला.

“काका, मुलीला नकार दिला आईने. गाडीने काय केलं होतं?” जयदेव म्हणाला.

“चुकलं रे. बापाचं काळीज.”

“ते असू द्या. माझी पंचाईत झालीय. आईने परत पोहे सुरू केलेत. या रविवारी टिटवाळा, पुढच्या रविवारी शहाड.” त्याने पाना खाली ठेवला. “आत्याबाईंना एकदा परत पाठवता का?”

पुढच्याच आठवड्यात विठाआत्या इस्त्रीचं लुगडं नेसून शंकरच्या टपरीवर टेकली. शंकरने तिला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. टपरीचेही काही नियम असतात.

“तो जयदेव मिस्त्री. माणूस कसा आहे रे?”

“चांगला आहे, मावशी. पण ऐकून असा. आधीचं लग्न मोडलं त्याचं. हुंड्यात जीप घेतली होती, ती बघा, अजून दारात उभी आहे. परत केली नाही. तुम्ही विचारताय कशासाठी?”

“असंच,” आत्या म्हणाली.

जीप दुरुस्तीला आली होती. हरिचंद्रला मुलगी नव्हती.